घटत्या वजनाचे एक कारण

ह्या स्मरणिकेसाठी तूरडाळीच्या बाजारावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु गतवर्षी ज्या व्याधीने मला ग्रासले तिच्याविषयी लिहिणे व्यापारी बंधूंना अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून विषय बदलण्याची परवानगी मागून घेतली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेवढेच मांडतो.

पर्युषणात मी अठ्ठाई केली आणि त्यानंतर वजन उतरू लागले. घरची मंडळी म्हणाली, तपश्चर्येने उतरले. बाजारातील स्नेही म्हणाले, उधारीच्या काळजीने झुरला. दोन्ही कारणे पटण्याजोगी होती. मात्र पारणे होऊन तीन महिने लोटले, भूकही चांगली होती, तरी सदरे सैल होतच राहिले. खतावणीत आकडा मांडताना बोटे कापू लागली. आबिड्समधील आमच्या घराचा जिना चढताना मांड्यांतील बळ सरल्यासारखे होई. छातीत धडधडे, झोप लागेना. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. अखेर ज्या काट्यावर दिवसभर पोती तोलतो त्यावर स्वतःच उभा राहिलो, तो नऊ किलोंची घट! दुसऱ्या डॉक्टरांनी नाडीवर बोट ठेवताच ती अनियमित असल्याचे ओळखले व रक्ततपासणीस धाडले.

दोष निघाला थायरॉइडचा. कंठाच्या पुढील भागी असलेली ही ग्रंथी वजनाने अवघी वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने दोन तोळ्यांहूनही कमी. आहारातील आयोडीन घेऊन ती जो रस तयार करते, त्यावर सर्व देहाच्या कारभाराचा वेग अवलंबून असतो. किती रस करावा ह्याची चिठ्ठी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी पाठविते. त्या चिठ्ठीस टीएसएच म्हणतात. रस अधिक झाला की चिठ्ठ्या बंद होतात. म्हणूनच ह्या व्याधीत बहुधा टीएसएच घटलेले आढळते.

मग ग्रंथी अनावर का होते? डब्लिनचे डॉक्टर ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णिलेल्या प्रकारात देहाचीच संरक्षक द्रव्ये पीयूषिकेच्या नावाने जणू खोटी चिठ्ठी पाठवितात. हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ अधिक असून त्यात कित्येकांचे डोळे बटबटीत होतात. विडी-सिगारेटने डोळ्यांचा त्रास वाढतो. उतारवयात ग्रंथीतील गाठी स्वतंत्र पेढी थाटून हुकुमाविना रस करू लागतात. तिसऱ्या प्रकारात ग्रंथीस सूज येऊन वखारीची भिंत खचावी तसा आधीचा साठाच रक्तात वाहतो. तो बहुधा काही महिन्यांत शमतो. कमी थायरॉइडसाठी घेतलेली गोळी प्रमाणाबाहेर गेली, तरी हीच लक्षणे दिसतात.

उन्हाळा सोसेनासा होणे, घाम, चिडचिड, वारंवार शौचास होणे ही लक्षणे तरुणांत स्पष्ट दिसतात. माझ्या वयात मात्र पुष्कळदा केवळ थकवा, घटते वजन आणि बिघडलेली नाडी एवढेच हाती लागते. नाडीची ही अनियमितता दुर्लक्षिल्यास हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो.

आमच्या समाजात काही जण लगेच मीठ सोडतात. येथील तारनाक्यावरील राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आली; तिचा पाया घालणारे मॅककॅरिसन यांनी त्यापूर्वी गिलगिटमध्ये गलगंडाचा अभ्यास केला होता. दीर्घकाळ आयोडीन न मिळाल्यानेही ग्रंथी वाढून गाठी होतात. तेव्हा आयोडीनचे मीठ मनाने सोडू नये, वाढवूही नये.

उपचार तीन : गोळ्या, शस्त्रक्रिया अथवा किरणोत्सारी आयोडीन. तिसऱ्यासाठी मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. मला कार्बिमाझोल सुरू झाली. ह्या गोळीने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. म्हणून घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे, अशी सक्त ताकीद आहे. ती चिठ्ठी मी गल्ल्याच्या झाकणास आतून चिकटविली आहे.

ह्या पर्युषणात अठ्ठाई केली नाही. डॉक्टरांस आधी विचारून एकासणे केली, आणि गोळी त्याच एका बैठकीत घेतली.