आईला शिकाऊ डॉक्टरच्या हाती द्यावे का?

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही घटना आहे. लोणखेड्यातील ७८ वर्षांच्या एक आजी पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळले होते. खुब्याजवळ हाड मोडल्याची ही ओळखीची खूण. मी त्यांना अस्थिरोग विभाग असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. दुपारी मुलाचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, इथे तर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा आहे. अजून शिकतोय म्हणे. उद्या ऑपरेशन करू म्हणतो. मायला त्याच्या हाती देऊ का?"

दवाखान्यात गर्दी होती. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," एवढे बोलून मी फोन ठेवला.

घरच्यांनी आजींना परत आणले आणि हाडवैद्याकडून पाला बांधून घेतला. नवव्या दिवशी मला बोलावणे आले, तेव्हा पाठीला शय्याव्रण झाले होते आणि छातीत कफ दाटला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. परंतु आजी पुन्हा चालल्या नाहीत. त्या दुपारी जे उत्तर मी द्यायला हवे होते, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा 'पोरगा' कोण असतो?

'शिकाऊ' हा शब्द मोठा फसवा आहे. आपल्यासमोर उभा असलेला तरुण एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस पूर्ण केलेला, नोंदणीकृत डॉक्टर असतो. राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा देऊन तो अस्थिशल्यचिकित्सेच्या, म्हणजे एम. एस. ऑर्थोपेडिक्सच्या, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात आलेला असतो. त्याला निवासी डॉक्टर म्हणतात, कारण या काळात रुग्णालय हेच त्याचे घर होते.

हे शिक्षण पायरीपायरीने चालते. पहिल्या वर्षी तो अपघात विभागात रुग्ण तपासतो, क्ष-किरण चित्रे वाचतो, वजन लावून पाय ताणून ठेवतो, प्लास्टर घालतो आणि प्लास्टरबाहेरची बोटे हलतात की नाही, ती गार किंवा निळी पडत नाहीत ना, हे पुन्हा पुन्हा पाहायला शिकतो. शस्त्रक्रियेत तो आधी मदतनीस असतो. मग लहान अस्थिभंग, आणि शिक्षकांना भरवसा वाटू लागल्यावर त्यांच्या देखरेखीखाली खुब्याचे हाड बसवणे, अशी त्याची वाटचाल असते. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद नोंदवहीत होते. त्याला प्रबंध लिहावा लागतो आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांपुढे उभे राहावे लागते.

हाताचे कसब असे दुसऱ्या हाताकडूनच येते. मोडलेल्या मांडीला आधार देणारी थॉमस स्प्लिंट आजही आपल्या रुग्णालयांत दिसते. ती बनवणारे ह्यू ओवेन थॉमस हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश डॉक्टर पिढीजात हाडवैद्यांच्या घरातले होते. घरातील कसबाला त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची जोड दिली. पुढे त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पहिल्या महायुद्धात त्या साधनाने असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. आपल्याकडील हाडवैद्याच्या हातातही अनुभव असतो, हे मी नाकारत नाही. पण खुब्याचे मोडलेले हाड पाल्याने जुळत नाही.

म्हातारपणाचे हाड

'ऑर्थोपेडिक्स' हा शब्द १७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने घडवला. 'सरळ' आणि 'बालक' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. मुलांच्या वाकड्या हाडांसाठी जन्मलेल्या या शास्त्राच्या वॉर्डात आज खाटेखाटेवर आजी-आजोबा दिसतात. म्हणून हाड जोडणे ही निवासी डॉक्टरच्या शिक्षणाची अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी म्हणजे वृद्ध माणूस समजून घेणे.

खुबा मोडलेल्या वृद्धाची प्रकृती शक्य तितकी स्थिर करून साधारण ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. पडून राहण्याने न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे तीन शत्रू जवळ येतात. तो डॉक्टर "उद्याच करू" म्हणाला, तो उतावळेपणा नव्हता. तो त्याचा धडा नीट शिकला होता.

तोच तोच प्रश्न तीन जण विचारतात, याचा पुष्कळांना राग येतो. पडण्यापूर्वी आजी काठीशिवाय चालत होत्या का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? विसरभोळेपणा होता का? या उत्तरांवर भूल, शस्त्रक्रियेची वेळ आणि पुढचा व्यायाम ठरतो. शस्त्रक्रियेनंतर रात्री आजी असंबद्ध बोलू लागल्या तर घाबरू नका, पण लगेच सांगा. हा भ्रम वृद्धांमध्ये वारंवार दिसतो आणि बहुधा उतरतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि घरचे ओळखीचे माणूस जवळ असल्यास त्याची मोठी मदत होते.

आपण काय करावे?

विचारण्यात संकोच नको. "शस्त्रक्रिया कोण करणार? सोबत वरिष्ठ कोण असतील?" हे नम्रपणे विचारणे आपला हक्क आहे. शस्त्रक्रियेपूर्वी योग्य पायावर खूण केली आहे ना, हे पाहा. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. घरी सोडताना हाडांच्या ठिसूळपणावरील उपचारांबद्दल विचारा. नाही तर आज एक खुबा, उद्या दुसरा.

भाषेचाही विचार करा. निवासी डॉक्टर लातूरचा असेल किंवा परराज्यातला. त्याला पावरी, भिलोरी वा अहिराणी कळेलच असे नाही. आजींचे दुखणे त्याच्यापर्यंत पोहोचवणारे एक माणूस खाटेजवळ असू द्या.

आणि त्या तरुणाकडेही माणूस म्हणून पाहा. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम सहसा १२ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात हे तास अनेकदा ओलांडले जातात. दमलेल्या डॉक्टरच्या अंगावर धावून गेल्याने आपल्या आईचे भले होत नाही. शंका असेल तर वरिष्ठांना भेटण्याची विनंती करा.

आता पदव्युत्तर शिक्षणात प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा पातळीवरील आरोग्यसेवेत काम करावे लागते. २०२० साली नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे असे तरुण डॉक्टर आपल्याला यापुढे अधिकच भेटतील.

आजही असे फोन येतात. आता मी समोरच्या रुग्णांची क्षमा मागून बाहेर ओट्यावर येतो आणि म्हणतो, "फोन त्या डॉक्टरच्या हाती द्या, मी बोलतो." बहुतेक वेळा पलीकडून शांत, नेमकी उत्तरे मिळतात. मग मी मुलाला सांगतो, "सही कर. माय चांगल्या हाती आहे." उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत, तर वरिष्ठांशी बोलतो. आपल्या घरच्या डॉक्टरकडून आपणही एवढी अपेक्षा जरूर ठेवा.