थायलंडहून घरीं काय आणावें?

यात्रेहून परत येणाऱ्यानें घरच्यांसाठीं कांहीं तरी आणावें, ही आपली जुनी रीत आहे. काशीचा यात्रेकरू गंगेचा गडू आणी, पंढरीचा वारकरी बुक्का व चुरमुरे आणी. त्या वस्तू घरांत लागत, म्हणूनच त्या येत. हल्लीं नवी मुंबईचीं कुटुंबें थायलंडला जातात व तेथून काय आणतात, तें नेरूळच्या आमच्या घरीं फ्रिजचें दार पाहिल्यास कळेल. त्यावर लोहचुंबकाचे सात हत्ती आहेत.

गेल्या वर्षीं आमचे दोघे चिरंजीव सहकुटुंब तिकडे गेले. धाकट्या बंधूंची सून मात्र मागें राहिली. मातोश्रींचें स्नान, औषध, अंथरूण हें सर्व आठ दिवस तिनें एकटीनें केलें. मंडळी परतल्यावर तिच्या हातावर त्यांतलाच एक हत्ती पडला. “छान आहे हो,” असें म्हणून तिनेंच तो फ्रिजला लावला. पण त्या रात्रीं तिला जेवण गेलें नाहीं, हें आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानांत आलें. आम्हां पुरुषांच्या तें कोठून येणार!

या हिवाळ्यांत मातोश्रींची सेवा थोरल्या सुनेनें पत्करली व आम्ही उभयतां निघालों. जाण्यापूर्वीं प्रत्येकास विचारून यादी केली. धाकटी म्हणाली, “मोठे मामंजी, आजींना टेकायला कांहीं मिळालें तर पाहा.” स्वतःसाठीं काय, हें तिला तीनदां विचारावें लागलें. शेवटीं म्हणाली, “पोलक्यापुरतें जांभळें रेशीम.”

टेकण्याची वस्तु तेथें उत्तम मिळते. त्रिकोणी तक्क्या असतो, त्यास ‘मॉन ख्वान’ म्हणतात. ख्वान म्हणजे कुऱ्हाड. भरलेला तक्क्या विमानांत नेणें कठीण, म्हणून आम्हीं रिकामी खोळ घेतली व येथें गादीवाल्याकडून तींत सावरीचा कापूस भरविला. कापूस आंतल्या प्रत्येक कप्प्यांत निरनिराळा ठासावा लागतो. त्या कामीं गादीवाला अर्धा दिवस कुरकुरत होता.

रेशमाच्या बाबतींत फसगत फार. हातमागाच्या थाई रेशमाचा धागा किंचित् जाडाबारीक असतो, आणि ताणा व बाणा निरनिराळ्या रंगांचे असल्यास कापड हलवितांना रंग पालटतो. कडेचा एक धागा जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास येऊन राख बोटांनीं चुरली तर रेशीम. वितळून मणी झाला तर पॉलिएस्टर. बँकॉकच्या चातुचक बाजारांत शनिवार-रविवारीं फार गर्दी असते. तेथें दुकानदारीण आम्हांस धागा काढूं देईना. आम्हीं ते दुकान सोडलें. तिसऱ्या दुकानीं तिनें स्वतःच काडी ओढली.

चौकड्यांचा सुती ‘फा खाओ मा’ मात्र डोळे झांकून घ्यावा. तो आपला पंचाच. तिकडचा शेतकरी तो नेसतो, डोक्यास गुंडाळतो व त्याचीच मुलाला झोळीही करतो. आंग सिला येथील दगडी खलबत्त्याची कीर्ति मोठी, पण घरीं पिढीजात खल असतांना पांच किलो दगड कशास वाहावा? ‘बेंजारोंग’ म्हणजे आपला ‘पंचरंग’. ही चिनी मातीचीं रंगीत भांडीं देखणीं असतात, परंतु आमच्या घरच्या मोलकरणीच्या हातीं तीं देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

बुद्धमूर्ति दिवाणखान्याच्या शोभेसाठीं घेऊं नयेत. त्या देशाबाहेर नेण्यास तेथील ललितकला विभागाचा परवाना लागतो, आणि नुसतें मस्तक मांडणें तेथील लोकांस अप्रशस्त वाटतें. रोपें व बियाणेंही परवान्यावांचून आपल्याकडे आणतां येत नाहींत.

आणखी एक. तेलाच्या बाटल्या हातांतल्या पिशवींत ठेवूं नयेत. शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली तपासणीच्या वेळीं आमची गेली. सुवर्णभूमि विमानतळावर समुद्रमंथनाचें भव्य शिल्प आहे. तें पाहत उभे असतां सौभाग्यवतींनीं त्या बाटलीची किंमत आम्हांस दोनदां सांगितली.

रेशीम शिंप्याकडे गेलें आहे. मातोश्री तक्क्यास टेकून पोथी ऐकतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास “मी कुऱ्हाडीला टेकलें आहें,” असें सांगून घाबरवितात.