असं का होतं? : गुलाबाचा वास दुपारी कुठे जातो?

उरणजवळच्या करंजा बंदराकडून वारा सुटला की अंगणातला गावठी गुलाब डोलतो. सकाळी आठला नाक जवळ नेलं तर दरवळ. दुपारी दोनला जेमतेम. असं का?

पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी सुगंधी तेलं बनवतात. ऊन चढलं की ती भराभर उडतात, झाकण उघडं राहिलेल्या अत्तराच्या कुपीसारखी. म्हणून तर अत्तरासाठी फुलं पहाटे खुडतात. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी या वासामागचं एक महत्त्वाचं विकर शोधलं. सुवासिक वाणांत ते जोमात काम करतं, बिनवासाच्या वाणांत जवळजवळ थंड असतं. फुलदाणीत टिकावेत म्हणून निवडत आणलेल्या लांब दांड्याच्या गुलाबांचा वास हरवला, त्याचं एक कारण हेच. मला त्यापेक्षा आपला चार दिवसांत गळणारा गावठी गुलाब कधीही प्यारा.

पण खाडीकाठी त्याला मीठ छळतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच वाऱ्यासोबत आलेलं मीठ पानातलं पाणी ओढतं आणि कडा करपतात. उपाय सोपा: पानं गोड्या पाण्याने धुवायची, तीही सकाळीच. संध्याकाळी धुतली तर ती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. कुंडी असो वा वाफा, पाणी तुंबू देऊ नका. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी करा. साधारण दीड महिन्यात नव्या फांद्यांवर कळ्या दिसतील.