कॅरेक्टर शीट भरली, पण माणूस कुठंय?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढलंय.

आजचा विषय: टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमसाठी भरीव पात्र कसं बनवायचं. नवीन मंडळींसाठी दोन वाक्यांत सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर होऊन जग चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं, की जमलं की फसलं ते फासे सांगतात.

आता बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? आकड्यांपासून. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हापासून पात्राचे सहा गुण ठरलेत: ताकद, चपळाई, सोसण्याची क्षमता, बुद्धी, शहाणपण आणि छाप. पाचव्या आवृत्तीत तयार आकडे घेतले तर 15, 14, 13, 12, 10, 8 मिळतात, ते सहा गुणांत वाटायचे. ज्या गुणाला 8 दिले तिथे फाशात एक वजा होतो. बस्स! पण लोक त्यालाच पात्राचा दोष समजतात. अहो, तो दोष नाही, ती वजाबाकी आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये पात्रांचे दोन प्रकार सांगितले, चपटी आणि गोल. गोल पात्राची त्यांची कसोटी सोपी आहे: ते आपल्याला चकित करतं, आणि तरीही पटतं. आपल्या खेळात हे कधी घडतं? पात्राला दोन गोष्टी मनापासून हव्या असतात आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत, तेव्हा.

चला, एक पात्र बनवूनच बघू. लांब कशाला जायचं, आमच्या वळमधलंच घेऊ. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो: वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा भिवंडीचा गोडाऊनचा पट्टा. आधी इथे भातशेती. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि तरी मुंबईजवळ, म्हणून माल साठवायला ही जागा सोयीची ठरली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोडाऊन राहिले, वाढतही गेले.

तर आपलं काल्पनिक पात्र: सुगंधा, वय 27.

पहिली पायरी, जागा आणि काम. सुगंधा गोडाऊनमध्ये आवक-जावकीचं रजिस्टर सांभाळते. हे गोडाऊन उभं आहे तिच्या आजोबांच्या शेतावर. आता आकडे टाका. कुठल्या रॅकवर कुठला माल ते तिला तोंडपाठ, म्हणून बुद्धी 15. ताकद 8. बघा, आकडा माणसातून आला.

दुसरी पायरी, तिला काय हवंय. तिला स्वतःच्या नावावर काहीतरी हवंय. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. पण कायदा एकीकडे आणि हक्कसोडपत्र दुसरीकडे! सुगंधाने एकोणिसाव्या वर्षी सही करून दिलीय.

तिसरी पायरी, नातं. तिचा भाऊ टेम्पो चालवतो. त्याला व्हिलन करू नका हं. तिच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसणारा तोच. तिचा त्याच्यावर जीव आहे.

चौथी पायरी, दोष. 'हिने घर तोडलं' हे ऐकायची तिला भीती आहे, म्हणून घरच्यांसाठी ती खोटं बोलते.

आता खेळ सुरू. गोडाऊनमधून माल गायब होतो. रजिस्टरमध्ये त्या रात्रीच्या टेम्पोचा नंबर आहे, आणि तो भावाचा आहे. पान फाडायचं की ठेवायचं? फाडलं तर नोकरी धोक्यात, आणि नोकरी ही तिची एकमेव स्वतःची गोष्ट. ठेवलं तर भाऊ अडकतो. खेळणाऱ्याने काहीही निवडलं तरी आपण चकित होऊ, आणि ते पटेलही. याउलट 'तिला अंधाराची भीती वाटते' असा दोष लिहिला असता तर? टॉर्च लावला, विषय संपला.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे: शीटवरच्या प्रत्येक ओळीची टेबलावर किंमत मोजावी लागली पाहिजे. चांगले नियमही हेच करायला लावतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीत स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष लिहायचे असतात. ते खेळात उतरवले तर गेम मास्टर 'इन्स्पिरेशन' देऊ शकतो, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. 'फेट कोअर'मध्ये तुमच्या दोषामुळे येणारी अडचण तुम्ही मान्य केलीत की फेट पॉइंट मिळतो.

दोन सूचना. एक, दहा पानी पूर्वेतिहास लिहू नका. सुगंधाने सही का केली, हे अर्धवट ठेवा. ते खेळताना सापडू दे. दोन, आणि ही महत्त्वाची: जमिनीची भांडणं आपल्याकडे घरोघरी आहेत. टेबलावर बसलेल्या कुणाच्या घरी ती आत्ता चालू असतील. सुरुवातीलाच विचारा, 'हा विषय चालेल ना?' कुणी नाही म्हटलं तर कारण न विचारता बदला. सुगंधाला दुसरं दुःख देता येईल, मित्र पुन्हा टेबलावर आला पाहिजे.

आता गृहपाठ. तुमच्या पात्राची शीट काढा आणि एकच प्रश्न विचारा: याला एका रात्रीत कोणत्या दोन गोष्टींपैकी एक सोडायला लावता येईल? उत्तर आलं तर पात्र तयार आहे. नाही आलं तर आकडे बदलत बसू नका, एखादं नातं जोडा. भेटू पुढच्या भागात!