प्रत्येकासाठी वेगळा अंक

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाचा अंक प्रत्येक वाचकाच्या हाती सारखाच पडत असे. त्यामुळे एकाच मजकुरावर सर्वांना विचार करता येई. समाजमाध्यमांवर आज तसे राहिलेले नाही. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये नोंदी काळाच्या क्रमाऐवजी वापरकर्त्याच्या आवडीच्या अंदाजाने मांडण्यास प्रारंभ केला.

आपण कशावर थांबतो, काय पुढे पाठवतो, यावरून प्रणाली अनुमान बांधते. आपल्यासारखी निवड करणाऱ्या इतरांना जे रुचले, तेही आपल्यापुढे ठेवते. म्हणूनच अत्याचाराची एखादी बातमी एकाला वारंवार दिसते, तर त्याच वर्गात शिकलेल्या दुसऱ्याच्या ती दृष्टीसही पडत नाही.

तथागतही श्रोत्याची पात्रता ओळखून उपदेश करीत. परंतु तेथे हेतू दुःखमुक्तीचा होता. येथे तो बहुधा वापरकर्त्याला अधिक काळ खिळवून ठेवण्याचा असतो. भेद तंत्रात नसून हेतूत आहे.

युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल सेवा कायद्याने अतिविशाल मंचांना वापरकर्त्याच्या व्यक्तिचित्रणावर न बेतलेला एक तरी पर्याय देणे बंधनकारक केले आहे. असा पर्याय सर्वत्र सहज सापडावा, आणि ‘ही नोंद मलाच का दिसली?’ याचे उत्तर मिळावे, अशी अपेक्षा आम्ही संगणक क्षेत्रातील आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून करतो. केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नये, हा कालामांना दिलेला बोध आहे. पडद्यावर वारंवार दिसते म्हणूनही स्वीकारू नये, एवढे त्यास आज आपण जोडावे.