विहिरीची भिंत कशी टिकते?

विहीर आपल्या नित्य परिचयाची. परंतु तिची उभी भिंत वर्षानुवर्षे कशाच्या आधारावर टिकते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

भूगर्भातील प्रत्येक खडक आपल्यावरील थरांचा भार वाहत असतो. काळ्या पाषाणात एक मीटर खोली वाढली, की प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पावणेतीन टनांची भर पडते. हा भार खडकाला बाजूंनीही दाबतो. विहीर खणताना आपण मधला खडक काढून टाकतो; परंतु त्याने पेललेला दाब नाहीसा न होता भोवतालच्या भिंतीवर येतो. १८९८ साली कीर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवून दिले, की चोहोंकडून सारखा दाब असल्यास गोल छिद्राच्या कडेशी तो दुप्पट होतो. तरीही गोल विहीर टिकते. कारण कमानीच्या दगडांप्रमाणे तिच्या भिंतीचे भाग एकमेकांस रेटून धरतात. चौकोनी खड्ड्यात मात्र ताण कोपऱ्यांत साठतो.

खडकाची जातही महत्त्वाची. बीदरच्या पठारावर, कोकणाप्रमाणेच, जांभा आहे. तो खणताना मऊ असतो व हवा लागली की कठीण होतो. म्हणूनच बहामनी काळात, १५व्या शतकात, नौबादजवळ खोदलेले ‘कारेझ’ हे भुयारी पाट व त्यांवरील उभी विवरे आजही पाहावयास मिळतात. जांभ्याखालील चिकणमाती मात्र पाण्याने ढिली होते. कलबुर्गीकडील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. शहाबादची फरशी थराथरांची असल्यामुळे तिचे पापुद्रे सुटतात.

विहिरीतील पाणी भिंतीला आतून टेकू देते. पावसाळ्यात पंपाने विहीर एकाएकी उपसली, तर तो टेकू जातो आणि मागच्या मातीत मुरलेले पाणी भिंतीला आत ढकलते. कूपनलिकेचे छिद्र अरुंद. तरीही वरच्या ठिसूळ थरात नळी बसवावीच लागते.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नव्हे. उन्हाळ्यात जुनी विहीर खोल करण्यास उतरणारे मजूर आपल्याच गावचे असतात. वरचा मातीचा भाग दगडांनी बांधून घ्यावा, उपसलेला ढीग व वाहने काठापासून दूर ठेवावीत, आणि भिंतीतून खडे सुटू लागताच सर्वांना विनाविलंब वर घ्यावे. सुट्टीत गावी गेल्यावर एवढे आपल्या वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा.