मांडी घालता येईल का?

अक्कलकोटच्या माझ्या मावशीचं गुडघ्याचं दुखणं जुनं. घरातली बोली कानडी, त्यामुळे तिच्या तोंडी गुडघा नसतोच, 'मोणकाल' असतो. गेल्या चातुर्मासात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, जिना चढताना किती दुखतं?" मावशी म्हणाली, "जिनाच नाही ओ घरात. गोळ्या घेतल्यावर मांडी घालता येईल का, तेवढं सांगा." वटवृक्ष मंदिरात जपाला बसणं आणि परातीपुढे बसून भाकरी थापणं, दोन्ही सुटलं होतं तिचं. डॉक्टर हसले. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता.

औषध लागू पडतं की नाही, हे एका चाचणीवरून ठरत नाही. त्या प्रश्नावर जगभर झालेल्या चाचण्या हुडकायच्या, कच्च्या कोणत्या ते पारखायचं आणि जमेल तिथे आकडे एकत्र मांडायचे, याला पद्धतशीर आढावा म्हणतात. 1993 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली 'कॉक्रेन' ही यातली सर्वांत नावाजलेली संस्था. पण चाचण्यांनी जे मोजलंच नाही ते आढावा कुठून आणणार? आडातच नाही.

गुडघ्याच्या चाचण्यांत 'वोमॅक' नावाची प्रश्नावली फार चालते. ती कॅनडात तयार झाली. प्रश्न 24 : पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, बाकी सतरा हालचालींचे. त्यात मोजे घालताना त्रास होतो का, मोटारीत चढता-उतरता येतं का, बाथटबमध्ये उतरता येतं का, हेही आहे. मावशीनं जन्मात मोजे घातलेले नाहीत. मांडीचं किंवा उकिडवं बसण्याचं मात्र त्यात नाव नाही.

ही अडचण पुण्यात ओळखली गेली. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या संधिवात केंद्रानं 'वोमॅक'मध्ये मांडी, उकिडवं बसणं अशा आपल्याकडच्या हालचाली घालून तिची पुणे आवृत्ती केली आणि आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्यांत वापरली. याच डॉक्टरांनी 1996 पासून भिगवणमध्ये घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली होती.

प्रत्येक आजारात असा घोळ नसतो. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं, स्त्रिया 1,31,746. निष्कर्ष 2009 मध्ये आले : एचपीव्ही तपासणी एकदाच केली तरी त्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मृत्यू काय मोजायचे हे कुणाला विचारावं लागत नाही. दुखण्याचं तसं नाही.

संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणाऱ्या 'ओमेरॅक्ट' या आंतरराष्ट्रीय गटानं 2002 मध्ये पहिल्यांदा रुग्णांना चर्चेला बसवलं. डॉक्टर सुजलेले सांधे मोजत होते, रक्त तपासत होते. रुग्ण म्हणाले, आम्हाला थकवा खातो. पुढच्या काही वर्षांत आमवाताच्या चाचण्यांत थकवा मोजायचं ठरलं. इतकी वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, कारण ज्यांना तो होता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून रुग्णाला बोलवायचं तर आढाव्याचा आराखडा लिहिताना बोलवावं. मजकूर तयार झाल्यावर 'भाषा सोपी आहे ना बघा' म्हणून पुढे करणं म्हणजे हळदी-कुंकवाचं बोलावणं. फिजिओथेरपिस्टलाही तेव्हाच विचारावं. पलंगावर करायचा व्यायाम पलंग नसलेल्या घरात कसा बंद पडतो, हे त्यालाच माहीत असतं. आणि समितीवर एक इंग्रजी बोलणारा निवृत्त रुग्ण घेतला की काम झालं, असंही नाही. मावशीपर्यंत जायला आधी मराठी लागेल, मग कानडी.

निघताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि जमिनीवर बसू नका म्हणून सांगितलं. रिक्षात मावशीनं मला विचारलं, "मग भाकरी उभ्यानं थापायची काय?" आता ओट्यावर थापते. म्हणते, कडा जमत नाहीत.